सॉक सिटीचं काळं पुस्तक

१९३९ सालच्या अखेरीस अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, सॉक सिटी नावाच्या नदीकाठच्या छोट्या गावातून एक जाडजूड पुस्तक बाहेर पडलं. काळ्या कापडाची बांधणी, कण्यावर सोनेरी अक्षरं, ५५३ पानं आणि पानापानावर बारीक टायपात ठासून बसवलेला मजकूर. नाव ‘द आउटसायडर अँड अदर्स’. लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट, जो १९३७ मध्येच वारला होता. प्रकाशक ‘आर्कम हाउस’. या नावाची प्रकाशनसंस्था त्याआधी कुणी ऐकलेली नव्हती, कारण ती याच एका पुस्तकासाठी काढलेली होती. प्रती १,२६८. किंमत पाच डॉलर. आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना साडेतीन डॉलर अशी सवलतीची किंमत ठेवली होती, तरी पैसे पाठवणारे जेमतेम दीडशे निघाले. आवृत्ती संपायला चार वर्षं लागली.

पाच डॉलर ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. यातल्या बहुतेक कथा ज्या मासिकातून पूर्वी येऊन गेल्या होत्या त्याचा अंक पंचवीस सेंटांना मिळायचा. म्हणजे एका पुस्तकाच्या पैशात वीस अंक. शिवाय लेखक अनोळखी, प्रकार भुताखेतांचा आणि युरोपात महायुद्धाला तोंड फुटलेलं. व्यवहार पाहणारा कोणताही प्रकाशक या वाटेला गेला नसता, आणि गेलाही नव्हता. तरीही विसाव्या शतकातल्या भयकथेच्या इतिहासात या पुस्तकाइतकं परिणाम करणारं पुस्तक दुसरं शोधणं कठीण आहे. ते निघालं नसतं, तर या कथा रद्दीत गेल्या असत्या. हे अगदी शब्दशः खरं आहे.

ज्या मासिकांत या कथा आल्या त्यांना अमेरिकेत ‘पल्प’ म्हणत. लाकडाच्या लगद्यापासून केलेला स्वस्त, खरबरीत कागद, भडक मुखपृष्ठ आणि आत गुप्तहेर, गुराखी, समुद्री चाचे, परग्रह असा एकेका अंकाचा ठरलेला मामला. त्या कागदातल्या आम्लामुळे पानं काही वर्षांतच पिवळी पडत आणि कडेनं तुटू लागत. टिकाव धरण्यासाठी ती छापलेलीच नव्हती. स्टॉलवर अंक घ्यायचा, प्रवासात वाचायचा, पुढचा अंक आला की आधीचा टाकून द्यायचा. वाचनालयं असले अंक जपून ठेवत नसत आणि समीक्षक त्यांच्याकडे ढुंकून पाहत नसत. लेखकाला शब्दामागे एक-दीड सेंट मिळे, तोही वेळेवर मिळेलच असं नाही.

मार्च १९२३ मध्ये शिकागोतून ‘वियर्ड टेल्स’ सुरू झालं. केवळ अद्भुत आणि भीतिदायक कथांना वाहिलेलं असं मासिक तोपर्यंत अमेरिकेत नव्हतं. संस्थापक जे. सी. हेनेबर्गर पहिल्याच वर्षात कर्जात बुडाला. १९२४ च्या अखेरीस संपादकाच्या खुर्चीवर फार्न्सवर्थ राइट आला आणि पुढची पंधरा वर्षं मासिकाचा चेहरा त्यानंच घडवला. राइटला पार्किन्सन्सचा विकार होता. हात इतके थरथरत की पुढे पुढे त्याला सहीसुद्धा करता येईना. त्याची निवड लहरी होती, हातातली उत्तम कथा परत पाठवून सुमार कथा छापल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. पण त्यानं उघडलेल्या दारातून कोण कोण आत आलं ते पाहिलं की त्याला मान द्यावाच लागतो. टेक्ससमधल्या क्रॉस प्लेन्स गावचा रॉबर्ट हॉवर्ड आपला नायक कोनान घेऊन आला. कॅलिफोर्नियातला कवी क्लार्क ॲश्टन स्मिथ आला. सी. एल. मूर या लेखिकेची ‘शॅम्ब्लो’ १९३३ मध्ये इथेच आली. पुढे नाटककार म्हणून जगभर गाजलेल्या टेनेसी विल्यम्सची छापून आलेली पहिली कथा १९२८ च्या ‘वियर्ड टेल्स’मधली आहे. तेव्हा तो शाळकरी पोरगा होता.

मासिकातल्या कथांचं पुस्तक करावं हे राइटला सुचलं नव्हतं असं नाही. १९२७ मध्ये मासिकाच्या कंपनीनंच ‘द मून टेरर’ नावाचा संग्रह काढला. त्यात चार कथा होत्या आणि त्यांतली एक खुद्द राइटची. पुस्तक पडून राहिलं. पुढे कित्येक वर्षं त्याच्या जाहिराती मासिकात येत होत्या आणि वर्गणीदारांना ते भेट म्हणून दिलं जात होतं. मासिकातल्या चांगल्या कथा सोडून दुबळ्या कथा निवडल्यावर दुसरं काय होणार? इंग्लंडमध्ये मात्र क्रिस्टीन कॅम्बेल थॉमसन या संपादिकेनं १९२५ पासून ‘नॉट ॲट नाइट’ नावाची माला चालवली. दोन शिलिंगांत कापडी बांधणीचं पुस्तक आणि आत प्रामुख्यानं ‘वियर्ड टेल्स’मधून उचललेल्या अंगावर काटा आणणाऱ्या कथा. ही माला दहा-बारा वर्षं धो धो चालली. लव्हक्राफ्टची कथा पुस्तकात पहिल्यांदा आली ती याच मालेत. पण तिथेही अनेकांच्या गर्दीत त्याची एखादीच कथा असायची. एका लेखकाचं सगळं काम एकत्र पाहायला मिळेल असं काहीच नव्हतं.

हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट १८९० मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात जन्मला आणि मधली न्यूयॉर्कची दोनेक वर्षं वगळता जन्मभर तिथेच राहिला. घराणं एकेकाळचं सुखवस्तू, पुढे परिस्थिती उतरत गेली. शेवटची काही वर्षं तो आपल्या म्हाताऱ्या मावशीबरोबर, ॲनी गॅमवेलबरोबर, कॉलेज स्ट्रीटवरच्या जुन्या घरात राहत होता. पोट चालायचं ते दुसऱ्यांची बाडं सुधारून देण्यावर. स्वतःच्या कथा तो लिहायचा आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठीवर, बारीक अक्षरात, खाडाखोड करत आणि ओळींच्या मध्ये शब्द घुसवत. टंकलेखनाचा त्याला मनस्वी कंटाळा. ‘द केस ऑफ चार्ल्स डेक्स्टर वॉर्ड’ ही त्याची सर्वांत मोठी कादंबरी त्यानं १९२७ मध्ये लिहून बाजूला ठेवली ती ठेवलीच. टाइप करण्याचे कष्ट नकोत म्हणून ती त्याच्या हयातीत छापण्यासाठी कुणाकडे गेलीच नाही.

त्यात तो कमालीचा हळवा. राइटनं कथा साभार परत पाठवली की महिनोन् महिने लेखणी खाली ठेवायचा. ‘द कॉल ऑफ कथूलू’ ही आज त्याची सर्वांत प्रसिद्ध कथा. राइटनं ती आधी नाकारली होती. १९२७ च्या उन्हाळ्यात डोनाल्ड वँड्री नावाचा मिनेसोटातला एक तरुण, वाटेत मिळतील त्या गाड्यांना हात करत, लव्हक्राफ्टला भेटायला प्रॉव्हिडन्सकडे निघाला. शिकागोत थांबून त्यानं राइटच्या कानावर घातलं, की लव्हक्राफ्ट आता दुसऱ्या मासिकांचा विचार करतोय. राइटनं कथा परत मागवली आणि फेब्रुवारी १९२८ च्या अंकात छापली. १९३१ मध्ये ‘ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ ही अंटार्क्टिकावरची दीर्घकथा राइटनं नाकारली तेव्हा मात्र लव्हक्राफ्ट खचला. याच सुमारास पटनम आणि क्नॉफ यांसारख्या बड्या प्रकाशकांनी त्याच्या कथा संग्रहासाठी मागवून पाहिल्या आणि परत केल्या. त्याच्या हयातीत निघालेलं एकमेव पुस्तक म्हणजे ‘द शॅडो ओव्हर इन्समथ’, १९३६ मधलं. पेन्सिल्व्हेनियातल्या विल्यम क्रॉफर्ड या हौशी छापखानेवाल्यानं चारेकशे प्रती छापल्या आणि त्यातल्या निम्म्याच बांधल्या. छपाईच्या चुका इतक्या की सोबत शुद्धिपत्र घालावं लागलं, आणि त्या शुद्धिपत्रातही चुका होत्या.

१५ मार्च १९३७ रोजी आतड्याच्या कर्करोगानं तो गेला. वय ४६.

मागे त्यानं एक टिपण लिहून ठेवलं होतं, आपल्यानंतर काय करायचं याचं. त्यात आपल्या लेखनाचा विश्वस्त म्हणून त्यानं रॉबर्ट बार्लो याचं नाव घातलं होतं. बार्लो तेव्हा अठरा वर्षांचा होता. पोरगेल्या वयापासून तो लव्हक्राफ्टशी पत्रव्यवहार करायचा, फ्लोरिडातल्या आपल्या घरी त्याला आठवडेच्या आठवडे ठेवून घ्यायचा आणि त्याची हस्तलिखितं हौसेनं टाइप करून द्यायचा. त्या बदल्यात मूळ कागद मात्र स्वतःकडे जपून ठेवायचा. मृत्यूची बातमी कळताच तो प्रॉव्हिडन्सला आला, मावशीच्या संमतीनं कागद लावले आणि त्यातला मोठा भाग ब्राउन विद्यापीठाच्या जॉन हे लायब्ररीत नेऊन दिला. लव्हक्राफ्टचं घर या लायब्ररीच्या अगदी पाठीमागे होतं. एका पल्प लेखकाची खरडलेली पानं विद्यापीठानं ठेवून घ्यावीत हे त्या काळात कुणाला पटण्यासारखं नव्हतं. या पोरानं ते करून घेतलं.

बार्लोचे आभार फार थोड्यांनी मानले. वँड्री आणि त्याच्या मित्रांना वाटलं की या पोरानं घरातून ग्रंथ आणि कागद लांबवले. क्लार्क ॲश्टन स्मिथनं तर त्याच्याशी संबंधच तोडले. दुखावलेला बार्लो या वर्तुळातून बाहेर पडला, मेक्सिकोला गेला, नाहुआत्ल भाषा शिकला आणि मेक्सिकोच्या प्राचीन संस्कृतीचा नावाजलेला अभ्यासक झाला. १९५१ च्या जानेवारीत, आपण समलिंगी असल्याचं उघड केलं जाईल या धाकाखाली, त्यानं स्वतःला संपवलं. लव्हक्राफ्टच्या चाहत्यांनी सर्वांत आधी ऋण मान्य करायला हवं ते याचं. हस्तलिखितं राहिली नसती तर पुढे झालेली मजकुराची दुरुस्ती कुणालाच करता आली नसती.

आता सॉक सिटी. ऑगस्ट डर्लेथ तिथेच जन्मलेला. लव्हक्राफ्ट गेला तेव्हा तो २८ वर्षांचा होता आणि लेखक म्हणून त्याचं नाव होऊ लागलं होतं. लव्हक्राफ्टशी त्याचा अकरा वर्षांचा पत्रव्यवहार. प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. डर्लेथनंच पुढे लिहून ठेवलं आहे की मृत्यूची बातमी देणारं पत्र हातात पडलं तेव्हा तो गावाबाहेरच्या दलदलीकडे फिरायला निघाला होता. रेल्वेच्या पुलाजवळ बसून त्यानं पत्र वाचलं आणि या कथांचं पुस्तक निघालंच पाहिजे हे तिथेच मनाशी धरलं. मागचापुढचा विचार न करता कामाला भिडणारा हा माणूस होता. आयुष्यात शंभरावर पुस्तकं लिहिली त्यानं.

वँड्री आणि डर्लेथ यांनी कथा गोळा केल्या, टाइप करून घेतल्या आणि भलंमोठं बाड तयार केलं. डर्लेथच्या स्वतःच्या कादंबऱ्या स्क्रिब्नर्स काढत असे. त्यांनी नको म्हटलं. सायमन अँड शूस्टरनंही नको म्हटलं. मग दोघांनी स्वतःच छापायचं ठरवलं. डर्लेथ त्याच सुमारास घर बांधत होता आणि त्यासाठी त्यानं बँकेचं कर्ज काढलं होतं. त्यातले पैसे त्यानं छपाईकडे वळवले, वँड्रीनं आपल्या परीनं भर घातली, आणि विस्कॉन्सिनमधल्याच मेनाशा गावच्या जॉर्ज बँटा कंपनीकडे काम दिलं. संस्थेला नाव दिलं आर्कम, लव्हक्राफ्टच्या कथांमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या काल्पनिक गावाचं. वेष्टनासाठी ‘वियर्ड टेल्स’चा चित्रकार व्हर्जिल फिनले याच्या जुन्या चित्रांची जुळणी केली. ठिपक्याठिपक्यांनी छाया उभी करण्याची फिनलेची पद्धत अशी बारीक होती, की रद्दी कागदावर तिचं निम्मं सौंदर्य हरवून जाई. पुस्तकाच्या गुळगुळीत वेष्टनावर ती चित्रं पहिल्यांदा नीट दिसली.

या पुस्तकात नेमकं असं काय होतं? ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ ही एक कथा घेऊन पाहावं. ती ‘वियर्ड टेल्स’मधली नाही, ‘अमेझिंग स्टोरीज’नं १९२७ मध्ये छापली आणि मानधन दिलं पंचवीस डॉलर. आर्कमच्या पश्चिमेला नाहम गार्डनर नावाचा शेतकरी राहतो. त्याच्या विहिरीजवळ आकाशातून एक दगड पडतो. प्राध्यापक येतात, तुकडे नेऊन तपासतात. दगड थंड होत नाही, पण दिवसेंदिवस आक्रसत जातो. आत सापडलेल्या गोळ्याला असा रंग, की जो कुणी कधी पाहिलेला नाही. त्या वर्षी नाहमच्या बागेला फळं अमाप धरतात, टपोरी आणि चकचकीत, पण चाखली तर कडू. मग सशांच्या पाऊलखुणा चुकीच्या दिसू लागतात. झाडं वारा नसताना हलतात. गुरं करडी पडून ठिसूळ होतात, मग घरातली माणसं. भूत नाही, शाप नाही, पूर्वजन्मीचं पाप नाही. नाहमनं कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. जे आलं आहे त्याला नाहम कोण हे ठाऊकही नाही. जुन्या भयकथेत भूत सूड घ्यायला यायचं, म्हणजे निदान माणसाची दखल तरी घ्यायचं. लव्हक्राफ्टनं ती दखलच काढून घेतली. विश्व अफाट आहे आणि त्याला आपल्याशी काही देणंघेणं नाही, ही जाणीव त्यानं शेतातल्या विहिरीपर्यंत आणून पोचवली. पंचवीस सेंटांच्या अंकात ही कथा एकटी वाचणं वेगळं. पाचशे पानांच्या पुस्तकात एकापाठोपाठ एक अशा कथांतून हेच भान घट्ट होत जाताना पाहणं वेगळं. तो अनुभव फक्त संग्रहच देऊ शकत होता.

पहिल्या पुस्तकाचे पैसे सुटायच्या आतच डर्लेथनं पुढची पुस्तकं हाती घेतली. १९४२ मध्ये क्लार्क ॲश्टन स्मिथचा ‘आउट ऑफ स्पेस अँड टाइम’. १९४३ मध्ये, युद्धामुळे कागदाची टंचाई असताना, लव्हक्राफ्टचा दुसरा ग्रंथ ‘बियाँड द वॉल ऑफ स्लीप’, ज्यात ‘चार्ल्स डेक्स्टर वॉर्ड’ पहिल्यांदा पुस्तकरूपात आली. १९४६ मध्ये रॉबर्ट हॉवर्डचा ‘स्कल-फेस अँड अदर्स’. हॉवर्डनं १९३६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, आपल्याच दारात स्वतःवर गोळी झाडून घेतली होती आणि मासिकाकडचं त्याचं येणं तेव्हाही थकलेलं होतं. १९४७ मध्ये रे ब्रॅडबरीचं पहिलं पुस्तक ‘डार्क कार्निव्हल’. रॉबर्ट ब्लॉक आणि फ्रिट्झ लायबर यांचेही पहिले कथासंग्रह इथलेच. धंदा म्हणून हे कधीच फायद्यात नव्हतं. इतर ठिकाणी लिहून मिळवलेले पैसे डर्लेथ यात घालत राहिला. पदरमोड करून चालवलेली संस्था, पण आधुनिक अमेरिकी भयकथेची पहिली पिढी कापडी बांधणीत आली ती तिच्यामुळे.

समीक्षेनं लगेच कौतुक केलं असं झालं नाही. १९४५ मध्ये एडमंड विल्सन या दबदब्याच्या समीक्षकानं ‘न्यूयॉर्कर’मध्ये लव्हक्राफ्टच्या कथांचे वाभाडे काढले. पण त्याच वर्षी अमेरिकी सैनिकांना वाटल्या जाणाऱ्या खिशात मावणाऱ्या पुस्तकांमध्ये लव्हक्राफ्टचा संग्रह होता. वाचक कुठे तयार होत होते ते यावरून दिसतं.

डर्लेथच्या चुका झाकण्यात अर्थ नाही, आणि त्या लहान नव्हत्या. लव्हक्राफ्टनं टाकून दिलेल्या टिपणांवरून त्यानं स्वतः कथा लिहिल्या आणि दोघांच्या नावानं छापल्या. १९४५ चं ‘द लर्कर ॲट द थ्रेशोल्ड’ हे सुमारे ५०,००० शब्दांचं पुस्तक. त्यात लव्हक्राफ्टचे शब्द १,२०० च्या आसपास. लव्हक्राफ्टच्या बेफिकीर विश्वात त्यानं चांगल्या आणि वाईट शक्तींचं युद्ध आणून बसवलं आणि एकेका अमानवी शक्तीला पाणी, वारा अशी महाभूतं वाटून दिली, म्हणजे जे लव्हक्राफ्टनं मोडलं होतं तेच पुन्हा उभं केलं. या कथाविश्वात कुणी परवानगीशिवाय लिहू लागलं की हक्क सांगून त्याला दटावण्यातही तो पुढे होता, आणि त्या हक्कांचा कायदेशीर आधार पुढे वादग्रस्त ठरला. तरीही तराजूत घालायचंच झालं तर पारडं त्याच्या बाजूनं झुकतं. कर्ज काढून पुस्तक छापणारा दुसरा कुणी पुढे आलेला नव्हता.

लव्हक्राफ्टबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तो वंशवादी होता. त्या काळाच्या मानानंही कडवा. न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरितांच्या वस्तीत राहताना त्याच्या मनात साठलेला तिरस्कार ‘द हॉरर ॲट रेड हूक’मध्ये उघडावाघडा दिसतो, पत्रांत तर त्याहून जास्त. वर्ल्ड फँटसी पुरस्काराचं मानचिन्ह म्हणून १९७५ पासून त्याच्या चेहऱ्याचा अर्धपुतळा दिला जाई. अनेक लेखकांच्या आक्षेपानंतर २०१५ मध्ये तो बदलायचा निर्णय झाला. तो निर्णय योग्यच होता. ज्यांची त्यानं हेटाळणी केली त्यांच्याच वंशातल्या लेखकांनी त्याचं मस्तक घरात मांडून ठेवावं, ही अपेक्षा करता येत नाही. या निर्णयाच्या निषेधार्थ आपले पुरस्कार परत करणारा सर्वांत ठळक आवाज होता सुनंद त्र्यंबक जोशी यांचा.

एस. टी. जोशी या नावानं लिहिणारे हे अभ्यासक १९५८ मध्ये पुण्यात जन्मले आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेले. शाळेत असताना लव्हक्राफ्ट वाचून ते इतके झपाटले की त्याचे कागद जिथे आहेत तेच विद्यापीठ शिकायला निवडलं, ब्राउन. विषय घेतला ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्य. जुन्या ग्रंथांच्या पोथ्या ताडून शुद्ध पाठ ठरवण्याची शिस्त त्या शाखेत पूर्वापार आहे, आणि जोशींनी ती पल्प मासिकातल्या लेखकाला लावली. जॉन हे लायब्ररीत बसून त्यांनी हस्तलिखित, टंकलिखित, मासिकातला मजकूर आणि आर्कम हाउसची आवृत्ती यांची ओळीला ओळ लावून तुलना केली.

हाती काय आलं, तर ‘ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’चं उदाहरण बोलकं आहे. ही कथा अखेर १९३६ मध्ये ‘अस्टाउंडिंग स्टोरीज’नं तीन अंकांत छापली. संपादकांनी लव्हक्राफ्टचे लांब परिच्छेद तोडून त्यांचे तुकडे केले, वर्णलेखन आणि विरामचिन्हं बदलली आणि शेवटाकडचे सुमारे हजार शब्द कापून टाकले. लव्हक्राफ्ट भयंकर संतापला. त्यानं आपल्या प्रतींवर पेन्सिलीनं आणि खरवडून जमेल तितकी दुरुस्ती केली. १९३९ च्या पुस्तकात मजकूर आला तो त्या दुरुस्त प्रतींवरून, म्हणजे पुष्कळ चुका तशाच राहिल्या. वाचकांनी जवळजवळ पन्नास वर्षं हीच कथा वाचली. मूळ टंकलिखितावर आधारलेला पाठ १९८५ मध्ये आला, जोशींच्या संपादनाखाली आणि आर्कम हाउसच्याच शिक्क्यानं. १९८४ ते १९८६ या तीन वर्षांत त्यांनी लव्हक्राफ्टच्या कथांचे तीन खंड असे शुद्ध करून दिले. पुढे पेंग्विनच्या अभिजात मालेत लव्हक्राफ्ट आला तो जोशींच्याच संपादनात. त्यांनी लिहिलेलं ‘आय ॲम प्रॉव्हिडन्स’ हे दोन खंडांचं चरित्र आजही प्रमाण मानलं जातं. अर्धपुतळ्याच्या वादात त्यांचं म्हणणं पटो वा न पटो, या लेखकाचा शब्द न् शब्द जागेवर बसवला तो पुण्यात जन्मलेल्या एका स्थलांतरितानं, हे निर्विवाद आहे.

मराठी वाचकाचा या कथांशी आणखी एक धागा आहे, आणि तो लव्हक्राफ्टच्या पुस्तकाच्या एका जुन्या पेपरबॅकमधून येतो. स्टीफन किंगचा बाप पोरगा दोन वर्षांचा असताना घर सोडून गेला. मोठेपणी किंगनं ‘डान्स मकाब्र’ या पुस्तकात सांगितलं आहे, की लहानपणी नातेवाइकांच्या माळ्यावर त्याला बापाच्या पुस्तकांचं खोकं सापडलं आणि त्यात लव्हक्राफ्टचा एक संग्रह होता. भयकथेची आपली पहिली खरी ओळख तो त्या पुस्तकाशी जोडतो. १९८४ मध्ये किंगची ‘ग्रॅमा’ ही कथा प्रसिद्ध झाली. मरणाला टेकलेली आजी, घरात तिच्यासोबत एकटा नातू आणि आजीच्या तोंडी लव्हक्राफ्टच्या जगातली नावं, त्यातलं एक हस्तूर.

याच कथेवरून नारायण धारप यांनी मराठीत ‘आजी’ लिहिली. धारप हे मराठी भयकथेतलं सर्वांत मोठं नाव. पाश्चात्त्य कल्पना उचलून तिला वाडा, माजघर, नात्यागोत्याचा संसार यांच्यात असं मुरवायचं की परकेपणाचा वासही राहू नये, ही त्यांची हातोटी. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना ही कथा १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात एका मित्रानं रात्री ऐकवली. तिच्यातून पुढे ‘तुंबाड’ हा चित्रपट उभा राहिला. नाव आलं श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. पावसानं झोडपलेलं गाव, पडका वाडा, साखळदंडांनी बांधलेली म्हातारी. २०१८ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा पडद्यावर त्या म्हातारीला गप्प करायला ज्याचं नाव घेतलं जातं तो होता हस्तर.

हस्तूर हे नाव लव्हक्राफ्टचंही नव्हे. ते अँब्रोझ बिअर्सनं १८९१ मध्ये योजलं, रॉबर्ट चेंबर्सनं १८९५ मधल्या ‘द किंग इन यलो’त उचललं, लव्हक्राफ्टनं एका दीर्घकथेत ओझरतं घेतलं आणि डर्लेथनं ‘द रिटर्न ऑफ हस्तूर’ लिहून त्याला राक्षसी रूप दिलं. बिअर्सच्या मूळ कथेत हस्तूर मेंढपाळांचा देव आहे, कनवाळू. कथेचा नायक सकाळी उठून त्याची प्रार्थना करतो आणि मग मेंढरं चरायला सोडतो. पोटात न भरणारी भूक आणि कमरेला सोन्याच्या मोहरा हे हस्तरचं रूप मात्र तुंबाडच्या वाड्यातलं आहे.